तिसऱ्या माळ्याचं बाकडं

सरळ सांगते, ती जमीन गिरणीची होती आणि गिरणीत राबलेल्या माणसांचा तिच्यावर हक्क होता. हे मी शाळेत असल्यापासून म्हणतेय, आजही म्हणते. तिथे मॉल उभा राहिला तेव्हा आमच्या संघटनेनं लालबाग-परळभर पत्रकं वाटली होती. वाटणाऱ्यांत मी होते. पुढे पत्रकं लिहायलाही मीच लागले. ते मला संघटनेतल्या एका काकांनी शिकवलं. आधी कोणी लुबाडलं ते लिहायचं, मग कोणाचं लुबाडलं ते, आणि शेवटी मागणी. विशेषणं घालायची नाहीत, कारण माणसं बसस्टॉपवर उभी राहून वाचतात आणि बस आली की कागद खिशात जातो.

त्यामुळे आठवणी वगैरे लिहायची मला सवय नाही. मागणी नसलेलं काही लिहायला बसले की हात अडखळतो. तरी लिहितेय, कारण तो मॉल आता बंद झालाय आणि मला त्याची आठवण येते. संघटनेत हे बोलायची सोय नाही.

मॉल उघडला तेव्हा आम्ही बहिष्काराचा ठराव केला. आत पाऊल टाकायचं नाही. ठराव संघटनेतल्या पुरुषांनी पाळला. बायकांनी पाळला नाही, आणि का पाळला नाही हे आमच्या एकाही पत्रकात आलं नाही. आमच्या चाळीत प्रत्येक माळ्याला वीस खोल्या आणि टोकाला सामाईक संडास. दरवाजाची कडी तुटलेली, एका हातानं दार धरून बसायचं. मॉलच्या तळमजल्यावरच्या संडासाला आतून लागणारी कडी होती, नळाला पाणी होतं, झाकणाचा कचऱ्याचा डबा होता. पाळीच्या दिवसांत माळ्यावरच्या मुली कॉलेजातून आधी मॉलमध्ये जायच्या आणि मग घरी. मीही गेलेय. बाहेर येऊन दारात पत्रकंही वाटलीत. दोन्हींत मला तेव्हा काही विसंगत वाटलं नाही, आजही वाटत नाही.

खरेदीला आमच्याकडून फारसं कोणी जात नसे. दहावीची मुलं वरच्या मजल्यावर चौघांत एक सरबत घेऊन अभ्यास करत बसायची. नवीन लग्न झालेली जोडपी यायची. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे आणि दीर असल्यावर भांडायचं कुठे? ती बिचारी सरकत्या जिन्याच्या मागे उभी राहून हळू आवाजात भांडायची आणि शांत होऊन घरी जायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बायका साडीखाली बूट घालून सगळ्या दुकानांना प्रदक्षिणा घालायच्या. दुकानदारांना वाटायचं, गिऱ्हाईक आलं. मग त्यांनाही कळलं.

चाळ पाडली त्याला आता काही वर्षं झाली. नवीन इमारत होईपर्यंत भाडं घेऊन बाहेर राहायचं असं ठरलं होतं. इमारत अजून जमिनीच्या वर आलेली नाही. तिसरा माळा मुंबईभर विखुरला. आम्ही बारा नंबर, वडाळ्याला गेलो. अकरा नंबरची काकी मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये अँटॉप हिलला गेली. ती मालवणकडची, आईची गॅलरीतली शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची. वीस नंबरची आंटी, नाताळात सगळ्या माळ्याला फराळ वाटणारी, काळाचौकीला बहिणीकडे. बाकीचे कोण डोंबिवली, कोण विरार.

चाळीत बायकांची खरी जागा म्हणजे खोलीबाहेरची गॅलरी. संध्याकाळी पाचला जी ती आपल्या उंबऱ्यात बसायची आणि पाय गॅलरीत सोडायची. कोणी लसूण सोलतंय, कोणी नातवाचे केस विंचरतंय, आणि अकरा नंबरमधलं बोलणं अठरा नंबरपर्यंत पोचेस्तोवर त्यात चार गोष्टी वाढलेल्या. वडाळ्याच्या बिल्डिंगमध्ये दारं बंद ठेवायची पद्धत. पहिल्या आठवड्यात आई पाचला दार उघडून उंबऱ्यात बसली. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनी दारातूनच विचारलं, "काही प्रॉब्लेम झालाय का?" आई म्हणाली, "नाही नाही." आणि उठून दार लावून घेतलं. ती आत येऊन स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली होती, ते मला अजून दिसतं.

मॉलची कल्पना अकराच्या काकीची. एकमेकींना भेटायचं कुठे, यावर फोनवर बराच खल झाला. देवळात धक्काबुक्की. बागेत बाकडी सगळी पत्ते कुटणाऱ्या म्हाताऱ्यांनी धरलेली. काकी म्हणाली, "मॉलात जाव्या गो. थंडगार आसा, संडास आसा, आणि कोण इचारूक येना नाय." शनिवारी पाच वाजता.

सरकत्या जिन्याजवळ, चपलांच्या शोरूमसमोर भिंतीला लागून एक लांब लाकडी बाकडं होतं. पहिल्या शनिवारी सातजणी आल्या आणि बसल्या. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण बसल्या त्या खोल्यांच्या क्रमानं. सहा, नऊ, अकरा, बारा, चौदा, सतरा आणि टोकाला वीस नंबरची आंटी. तेरा नंबरची मावशी त्या वर्षी वारली होती. आई आणि चौदा नंबर यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली आणि तिथे सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या गेल्या. पुढे दर शनिवारी पिशव्या तिथेच. एखादी उशिरा आली तरी तिची जागा कोणी घेत नसे. मॉलमधली इतर माणसं मध्येच येऊन बसली की आमच्या बायका अस्वस्थ व्हायच्या. सतरा नंबरनं एकदा एका कॉलेजच्या मुलीला सांगितलं, "बाळा, हा पंधरा नंबर आहे, ती लोकं विरारला असतात, कधीपण येतील." ती मुलगी काहीच न कळून उठून गेली.

डबे असायचेच. नाताळच्या आधीच्या शनिवारी आंटीनं नेवऱ्यांचा डबा उघडला तर गार्ड आला.

"आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"खाना कुठे आहे हा? क्रिसमस आहे," आंटी म्हणाली आणि एक नेवरी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं वर कॅमेऱ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि खाल्ली. नंतर शनिवारी तो त्या बाजूला फारसा फिरकत नसे. फिरकला तर काकी हाक मारायची, "ये रे, आज कायेक नाय, नुसते चणे आसत."

हे सगळं मला आई रात्री जेवताना सांगायची आणि मी ऐकून घ्यायचे. म्हाताऱ्या बायकांचा विरंगुळा. मला वाटायचं, खरं काम आमच्या बैठकीत चाललंय.

मग बिल्डरचा माणूस घरोघर फिरायला लागला. नीट इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आईला काकी म्हणणारा. म्हणाला, नवीन इमारतीचं काही खरं नाही, परवानग्या अडकल्यात. त्यापेक्षा लालबागच्या खोलीवरचा हक्क सोडा आणि पनवेलच्या पुढे तयार फ्लॅट घ्या. सही इथे, इथे आणि इथे. "तुमच्या माळ्यावरच्या सगळ्यांनी दिली, काकी. तुम्हीच राहिलात." आईनं शनिवारपर्यंत वेळ मागितला.

त्या शनिवारी मी आईबरोबर गेले होते, तिच्या हातात जड पिशवी होती म्हणून. अकराच्या काकीनं बसायच्या आधीच विचारलं, "काय गो, तू सही दिलंस?"

"मी? मला तर सांगितलं तू दिलीस म्हणून."

"मेल्याक माझी सही खंय गावली?"

सतरा नंबर म्हणाली, "मला म्हणाला, बारावाली पहिली होती. पेढेपण वाटले म्हणे."

"पेढे मी वाटले असते तर तुझ्यापर्यंत आले नसते होय?" आई म्हणाली. "तू तर वास आल्या आल्या वाटी घेऊन उभी राहतेस."

सगळ्या हसल्या. मग हसू ओसरलं आणि एकेकीनं सांगितलं. प्रत्येकीला तेच सांगितलेलं होतं, तुम्हीच राहिलात. एकीनंही सही केलेली नव्हती.

मी पिशवीतून कागद काढला. म्हटलं, आत्ताच लिहून घेऊ, कोणी सही करणार नाही, खाली सगळ्यांची नावं. चौदा नंबरनं माझा हात दाबला. "कागद नको काढू गं इथे. कागद बघितला की गार्ड उठवतो. गप्पा मारलेल्या त्याला चालतात."

मी कागद आत ठेवला. बायकांनी ठरवलं ते एवढंच, की घरी कोणालाही उत्तर द्यायचं नाही. शनिवारी सांगते म्हणायचं. त्यानंतर तो माणूस जिथे जाई तिथे त्याला तेच ऐकू येई. आमच्याकडे वैतागून म्हणाला, "शनिवारी असतं काय तुम्हा सगळ्यांचं?"

"उपास," आई म्हणाली.

आमच्या बैठका होत होत्या. ठराव होत होते. टाळ्याही होत होत्या. पण तिसऱ्या माळ्याच्या सह्या अडल्या त्या चपलांच्या शोरूमसमोर. ज्यांनी गिरणीची जमीन घेतली त्यांच्याच एसीत बसून. यावर एक खरमरीत पत्रक होऊ शकतं हे मला कळत होतं. ते कोणाविरुद्ध लिहायचं हे कळत नव्हतं.

दरम्यान मॉल मरत चालला होता. आधी वरचं थिएटर बंद पडलं, मग खाण्याची दुकानं. सरकते जिने थांबले, लोक त्यावरून साध्या जिन्यासारखे चढायला लागले. चपलांची शोरूम गेली, तिच्या शटरवर हसणाऱ्या बाईचं मोठं चित्र लावलं आणि लिहिलं, लवकरच काहीतरी नवीन. एसी कमी केला तेव्हा बायकांनी पंखे आणले, पुठ्ठ्याचे. शेवटी शेवटी तळमजल्यावर माणसं म्हणजे गार्ड, झाडूवाली आणि तिसरा माळा. झाडूवाली शनिवारी ते बाकडं साडेचारला पुसून ठेवायची.

मग कळलं की सगळं बंद करून आत ऑफिसं काढणार आहेत. मी एका बैठकीत पत्रक लिहून नेलं. मागणी अशी, की ऑफिसं झाल्यावरही तळमजल्यावर लोकांना बसायला मोकळी जागा आणि संडास ठेवावेत. काकांनी चष्मा लावून वाचलं, काढला, परत लावला.

"मॉल वाचवा म्हणून आपण पत्रक काढायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकच बसतात तिथे, काका."

"अगं ती सोय झाली. तो हक्क नव्हे."

"ती सोय आहे म्हणून आमच्या माळ्याचा हक्क टिकलाय. सही कोणी दिली, कोणी नाही, हे त्या बाकड्यावर कळतं. इथे नाही कळत."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. पत्रक मी माझ्या खर्चानं छापलं. मॉलच्या दारात वाटलं तर ऑफिसला जाणाऱ्या लोकांनी नवीन जिमची जाहिरात समजून हातात घेतलं. आईनं मात्र चहा घेता घेता पूर्ण वाचलं.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. "पण तू रागावलीयस कोणावर ते कळत नाही. मॉलवर, का मॉल बंद करणाऱ्यावर?"

"दोघांवर."

"मग दोन पत्रकं काढ."

मॉल बंद झाला. भोवती निळे पत्रे लागले. बायका बागेत जमून बघायला लागल्या. पत्तेवाल्यांनी एक बाकडं दिलं, त्यावर तिघी मावायच्या. बाकीच्या उभ्या. डास होते आणि संडास नव्हता. सतरा नंबरला साखर आहे, तिला अर्ध्या तासानं उठावंच लागायचं, तिनं यायचं सोडलं. सहा नंबरला सुनेनं सांगितलं की बागेत कशाला, घरी बोलवा. घरी बोलवायला कोणाच्याच घरी सातजणींची सोय नव्हती. आंटीच्या नातवानं व्हॉट्सअॅप ग्रुप करून दिला. त्यात सकाळी फुलं यायची, दत्ताची तसबीर यायची, आंटीकडून मेरीमाता यायची. पण फोन मुलांचे, नाहीतर मुलांनी दिलेले, आणि ग्रुपमधलं सगळं सुना वाचायच्या. सही केलीस का, हे तिथे कोण विचारणार? सही करा म्हणून घरात मागे लागलेली तीच तर माणसं.

शनिवार असा गेला. आई पाच वाजता स्वयंपाकघरातल्या खिडकीशी उभी राहायची. तिथून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही नाही.

एके दिवशी तो माणूस परत आला. "काकी, अकरा नंबरची सही झाली."

"होय होय," आई म्हणाली. "शनिवारी सांगते."

"मॉल तर बंद झाला ना, काकी," तो म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं, आणि तो थांबला होता.

आईनं काकीला फोन लावला. मुलानं उचलला. आई झोपलीय म्हणाला. संध्याकाळी लावला तर देवळात गेलीय. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "खोटं आहे. मागच्यासारखंच." मी म्हटलं, "खोटंच असणार." दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

शनिवारी तिनं ठेवणीतली साडी नेसली आणि बंद मॉलकडे निघाली. मी बरोबर गेले. पत्र्यांच्या बाहेर, जुन्या दरवाजाच्या जागी उभ्या राहिलो. पाच वाजले. पाच वाजून गेले. मी म्हटलं, "आई, तिला कसं कळणार आपण इथे आहोत ते?" ती म्हणाली, "शनिवार आहे."

काकी आली. बसमधून उतरून, काठी टेकत, एक पाय ओढत. तिनं लांबूनच आईला बघितलं होतं, पण हात केला नाही. जवळ येऊन दम खात उभी राहिली.

"मी सही केलंय गो," ती म्हणाली.

आईनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दुसऱ्याच्या तोंडान तुका कळूक नको, म्हणान इलंय. झील म्हणता, आये, किती वर्सां वाट बघतलंस. नातवाचा लगीन आसा. माझे गुडघे बघ. थंय लिफ्ट आसा." ती थांबली. "तू करू नको हां. मी केलंय म्हणान करू नको."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. एक सही गेली की भिंत कशी खचते ते मी कितीतरी जणांना ऐकवलंय, उभ्या उभ्या, न अडखळता. आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ते वाक्य मी गिळलं.

"बस," आई काकीला म्हणाली.

बसायला काही नव्हतं. पत्रे ज्या सिमेंटच्या कठड्यात रोवले होते तो कठडा हातभर उंच होता. आईनं आपली कापडी पिशवी झटकली, घडी करून त्यावर ठेवली आणि काकीला हाताला धरून बसवलं. मग स्वतः बाजूला बसली, ठेवणीतल्या साडीनं, सिमेंटवर.

"कितवा माळा?" आईनं विचारलं.

"सातवो. गॅलरी आसा म्हणतत. पण एकाच घराची."

"ऊन येतं का संध्याकाळचं?"

"ठावक नाय गो. फोटो बघितलंय, फोटोत सकाळ होती."

आई म्हणाली, दुपारी माणसं झोपली की आधी पश्चिम कुठे आहे ते बघून घे, मग खुर्ची कुठे ठेवायची ते ठरव. काकी म्हणाली, "तू येतलंस मगे, एकदा बघूक?" आई म्हणाली, येईन की. दोघींनाही माहीत होतं की वडाळ्याहून तिथे जाऊन त्याच दिवशी परत येणं आईच्या पाठीला झेपणारं नाही. काकी पदरानं मान पुसत राहिली. आई तिची काठी धरून बसली होती, जणू ती काठी तिचीच आहे.

पत्र्याच्या फटीतून वॉचमन बाहेर आला. हा नवीन होता. "ए मावशी, इधर बैठने का नहीं. काम चालू है. उठो, उठो."

काकी उठायला लागली. तिला उठायला वेळ लागतो, आणि एकदा उठली असती तर बसस्टॉपकडेच गेली असती. मी वॉचमनच्या आणि त्या दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्याला विचारलं, फूटपाथ कोणाचा आहे? कठडा फूटपाथवर बांधायची परवानगी कोणी दिली? कागद आहे का? दाखव. तो म्हणाला, मॅडम, साहबको पूछो. मी म्हटलं, बुलाव साहेबाला, आम्ही थांबतो. तो फोन लावायला लागला. फोन लागत नव्हता. मी त्याला सांगितलं, सावकाश लाव, घाई नाही. आणि तोवर या जमिनीची सगळी हकीकत, गिरणीपासूनची, त्याला सांगायला घेतली. त्याला तिच्यात काही रस नव्हता. तो एकदा फोनकडे बघायचा आणि एकदा माझ्याकडे.

मागे काकी बोलत होती, आई हं हं करत होती. मी बोलणं आटपतं घेतलं नाही.